नेपाळच्या डायऱ्या विकायला सांगलीची पोरं कशाला?

कृष्णाकाठचा (धागा सुरू करणारा)

परवा विश्रामबागला एका कॉलेजच्या मुलामुलींनी टेबल मांडलं होतं. नेपाळच्या लोक्ता कागदाच्या डायऱ्या, तिथल्याच ‘ढाका’ नावाच्या कापडाच्या पर्स, बांगलादेशच्या तागाच्या पिशव्या. मागं कापडी फलक: ‘फेअर ट्रेड, कारागिराला रास्त दाम’. डायरी ३५० रुपयांना. एक मुलगी अगदी मन लावून माहिती सांगत होती. ऐकून घेतली, डायरी मात्र घेतली नाही.

मुलं गुणी आहेत, वाद त्यांच्याशी नाही. पण घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, त्यातली ही गत. इथून सिटी बसनं मिरजेला जा. तिथल्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि सतारमेकर गल्लीत हाताखाली नवीन पोरगं मिळेना. जतकडं घोंगडीचे माग बंद पडत चाललेत. कोल्हापुरी चपलेचं २०१९ चं मानांकन सांगली आणि सातारा जिल्ह्यांनाही लागू आहे, हे किती जणांना ठाऊक? जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये तसलीच चप्पल दाखवली तेव्हा निम्म्या गावानं स्टेटस ठेवले होते. त्यातल्या किती जणांनी नंतर एक जोड घेतला?

आधी आपले कारागीर, मग परदेशातले. बोला.

माहुलीकर

२०१९ च्या पुरात सांगलीला कुठून कुठून गाड्या आल्या. त्यांनी ‘आधी आमचं गाव’ म्हटलं असतं तर?

कृष्णाकाठचा

आल्या की. आणि जुन्या साड्यांचे ढीग कुजत पडलेलेही बघितलेत. देणाऱ्याचं मन भरतं, घेणाऱ्याच्या कामाला येतंच असं नाही.

स्टॉलवाली

काका, बहुतेक मीच ती. म्हणून तर आम्ही मदत गोळा करत नाही, वस्तू विकतो. २०१५ च्या भूकंपानंतर नेपाळला मदत गेली आणि आटली. कारागिराला वर्षभर ऑर्डर लागते. लोक्ता हे डोंगरातलं झुडूप आहे, मुळं राखून कापलं तर पुन्हा फुटतं. साल शिजवायची, कुटायची, चौकटीवर लगदा ओतून उन्हात वाळवायचा, हे सगळं हातानं. आणि काठमांडूची ‘महागुठी’ ही कारागिरांचा माल विकणारी संस्था बघा. तिचं मूळ तुलसी मेहर श्रेष्ठ यांच्या कामात आहे. हे साबरमतीला गांधीजींकडं राहिले आणि चरखा नेपाळात घेऊन गेले. ते आपल्याला इतके परके आहेत का?

शिवाय जागतिक फेअर ट्रेड संघटनेचा नियम आहे: हस्तकलेच्या ऑर्डरवर कारागिरानं मागितल्यास किमान ५० टक्के रक्कम आगाऊ द्यायची, तीही बिनव्याजी. आपल्याकडं कोण देतं?

गणपती पेठेतला

पोरी, तीस वर्षं दुकान चालवतोय, म्हणून सरळ विचारतो. ही आगाऊ रक्कम तुम्ही दिली?

स्टॉलवाली

नाही, दिल्लीच्या आयातदारानं. आम्ही माल त्यांच्याकडून आणतो.

गणपती पेठेतला

रोखीनं की जांगड?

स्टॉलवाली

जांगड. विकलं नाही तर परत. आम्ही विद्यार्थी आहोत, दोन लाखांचा माल अंगावर कसा घेणार? ३५० मधले २३० आयातदाराला, १२० आमच्याकडं. त्यातून टेबलाचं भाडं आणि येण्याजाण्याचा खर्च.

गणपती पेठेतला

आणि २३० मधले कारागिराला किती?

स्टॉलवाली

ते त्यांच्या पत्रकात दिलेलं नाही. विचारलंय.

गणपती पेठेतला

मग फलकावर ‘रास्त दाम’ कशाच्या जोरावर लिहिलं? मी जांगड माल घेतो तेव्हा न खपल्याचा धोका समोरच्याच्या गळ्यात असतो. तुम्ही तोच धंदा करताय, फक्त फोटो चांगले लावलेत. डायरी सुबक आहे म्हणून घ्या म्हणा, माझी ना नाही.

अण्णांचा विद्यार्थी

मला वेगळंच खटकतं. कारागिराला रास्त मजुरी, आणि विकणारी मुलं फुकट? कर्मवीर अण्णांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काल्यात रयत शिक्षण संस्था काढली. तिथली ‘कमवा आणि शिका’ म्हणजे मुलानं घाम गाळायचा आणि स्वतःचं शिक्षण उभं करायचं. इथं चार शनिवार उन्हात उभं राहून मिळतं काय, तर प्रमाणपत्र.

माहुलीकर

सर, या फेअर ट्रेड चळवळीची सुरुवातच अशी झाली. १९४६ मध्ये अमेरिकेतल्या एडना रूथ बायलर प्युअर्टो रिकोतल्या बायकांचं भरतकाम गाडीच्या डिकीतून ओळखीपाळखीत विकायच्या. त्यातूनच पुढं मोठी दुकानं झाली. फुकटच्या कष्टाशिवाय पहिलं पाऊल पडत नाही.

अण्णांचा विद्यार्थी

पहिलं पाऊल ठीक. सगळीच वाट फुकट चालायला लावू नका.

जतचा सनगर

सगळं वाचलं. काका, एक सांगतो, राग मानू नका. आमची घोंगडी तुमच्या भांडणात ढाल म्हणून वापरू नका. नेपाळचं टेबल लागलं नसतं तर तुम्ही घोंगडी घ्यायला जतला येणार होता व्हय?

माझी आत्या सूत काढती, मामा मागावर बसत्यात. विणून झालं की चिंचोक्याची खळ लावायची, ऊन दाखवायचं. व्यापारी वारीच्या आधी येतो, माल घेऊन जातो, पैसं दिवाळीला. तेबी दोन-तीन हेलपाटे घातल्यावर. ‘लोकल घ्या, लोकल घ्या’ म्हणणारा हा व्यापारी लोकलच हाय की! नेपाळचा कारागीर आमच्या पोटावर पाय देत न्हाई. ह्या पोरीनं ते निम्म्या आगाऊचं सांगितलं, तेवढं मात्र मामांना वाचून दाखवलं. असा नियम हाय हेच आम्हाला म्हाईत नव्हतं.

कृष्णाकाठचा

राग नाही. पण माझा मुद्दा तुम्हीच मांडलात. मुलांनी हा नियम जतला आणायला हवा होता, नेपाळचा माल इथं नव्हे.

स्टॉलवाली

दादा, आमच्या टेबलावर घोंगडी ठेवली तर चालेल का? पाच नग?

जतचा सनगर

चालंल. जांगड न्हाई. निम्मं आगाऊ, उरल्यालं माल उचलताना. आणि पावसात खळ वाळत न्हाई, तवा दसऱ्याच्या आत मागू नका.

गणपती पेठेतला

निम्मे कुठून आणणार? वर्गणी?

स्टॉलवाली

डायऱ्यांवर सुटलेत थोडे. ते घालू.

कृष्णाकाठचा

वा! डायरी घेणाऱ्यानं ते पैसे नेपाळच्या कारागिरासाठी म्हणून दिले होते ना? घोंगडीसाठी वळवायचे असतील तर वळवा, मला आनंदच आहे. पण मग आधी फलक बदला.