वजन उतरलं आणि चेहरा म्हातारा झाला : दोष चरबी गेल्याचा की आणखी कशाचा?

रंकाळाकाठी
आमच्या ह्यांनी वर्षभरात १४ किलो उतरवले. साखर ताब्यात आली, पट्टा दोन भोकं आत गेला. परवा लग्नात मात्र माझ्या चुलतबहिणी एकेक करून कानाशी येऊन विचारायला लागल्या, "ताई, दाजी आजारी होते काय गं?" कानशिलाला खळगे, नाकाकडनं ओठाकडं उतरणारी रेघ खोल. वय ५४, दिसतात साठीचे.

माझं मत सरळ आहे. आपण नुसती वरची कातडी बघतो, तिला क्रीम चोपडतो. तिला आतनं पेलते ती चरबी. रोहरिक आणि पेसा या अमेरिकी सर्जननी २००७ मध्ये दाखवलं की चेहऱ्यावरची चरबी म्हणजे एकसंध थर नव्हे, वेगवेगळे कप्पे आहेत. वय वाढतं तसे खोलातले काही कप्पे आटतात, वरचे खाली घसरतात. जुन्या गादीतला कापूस एका कोपऱ्यात गोळा होतो ना, तसंच. मग पन्नाशीनंतर वजनाच्या मागं एवढं हात धुऊन का लागायचं?

तालीमकट्टा
असहमत, आणि जोरात.
नऊ वर्षं लाल मातीत काढली आहेत. कुस्ती सुटली, पण खुराक आणि कट्ट्यावरचं म्हशीचं दूध सुटलं नाही, असे जोडीदार चाळिशीत बघा. चरबी भरपूर, आणि गळ्याखालची कातडी लोंबलेली. तुमच्या हिशेबानं ते तुकतुकीत दिसायला पाहिजेत.

मेदपेशी गप पडून राहणारी वस्तू नाही. ती फुगली की तिच्यातनं स्निग्ध आम्लं सुटतात. वरच्या थरात फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी असतात, कोलॅजेन आणि इलास्टिन ही त्वचेला घट्ट आणि लवचीक ठेवणारी प्रथिनं बनवणाऱ्या. ही आम्लं त्यांचं काम मंदावतात, हे जपानमधल्या प्रयोगशाळेत पेशींवर दिसलंय. म्हणजे गादीतला कापूसच खोळ कुरतडतोय!

रंकाळाकाठी
फुगलेल्या पेशींची बाजू मी घेतलेलीच नाही. पण २००९ मध्ये एकसारख्या जुळ्यांच्या १८६ जोड्यांचे फोटो तपासले होते. चाळिशीच्या आत जाड भावंड वयस्कर दिसलं, चाळिशीनंतर उलटं, बारीक भावंड वयस्कर. रक्त एकच, तरी फरक पडला. ह्याला काय म्हणाल?

तालीमकट्टा
"दिसलं" म्हणेन. फोटोत गाल दिसतात, रक्तातली साखर दिसत नाही. बायकांनी लग्नात काय विचारलं ह्यावर दाजींनी परत जेवणावर ताव मारायचा काय?

काचपट्टी
दोघंही एकाच चरबीबद्दल बोलताय असं धरून भांडताय. (सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, म्हणून मधे पडते.) त्वचेखालचा जाड थर वेगळा आणि त्वचेच्या आतच, केसांच्या मुळांजवळ असणारी चरबी वेगळी. दुसरीबद्दल कुणी बोलतच नाही, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते.

सॅन दिएगोच्या रिचर्ड गॅलो यांच्या गटानं २०१५ मध्ये उंदरांवर दाखवलं, की स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू आत घुसला की तिथं मेदपेशी झपाट्यानं वाढतात आणि कॅथेलिसिडिन हे जंतुनाशक प्रथिन सोडतात. ह्या नव्या मेदपेशी बनतात कशातनं, तर वर तालीमकट्टांनी सांगितलेल्या फायब्रोब्लास्टमधनंच. २०१८ मध्ये त्याच गटाचं पुढचं काम आलं: वयानुसार टीजीएफ-बीटा हा संदेश फायब्रोब्लास्टना मेदपेशी होऊ देत नाही. उंदरांत तो संदेश अडवला, तर मेदपेशी बनवून जंतूंशी लढायची ताकद परत आली.

माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या. नडगीला पाटाचा कोपरा लागला, नखाएवढं खरचटलं. त्यातनं पू यायचा थांबायला तीन आठवडे गेले. त्यांच्या बाबतीत कारण हेच, असं मी म्हणणार नाही; म्हातारपणी रक्तपुरवठाही कमी होतो. पण "त्वचा म्हातारी झाली" म्हणताना आपण फक्त सुरकुत्या मोजतो, ह्याची मला चीड येते.

गुऱ्हाळवाला
एवढं सगळं कशाला? शर्टाची बाही वर करा आणि दंडाची आतली बाजू बघा. मग मनगटाची वरची बाजू बघा. माणूस एक, वय एक, वजन एक. माझे वडील आयुष्यभर उसात राबले. मानेची कातडी भेगाळलेल्या शेतासारखी, आणि दंड आतनं पोराचा. ऊन हो ऊन! चरबीला उगाच आरोपी करताय.

रंकाळाकाठी
मुद्दा झकास. पण ऊनसुद्धा चरबीला सोडत नाही. कोरियातल्या संशोधकांनी दाखवलंय, की अतिनील किरण स्वतः चरबीपर्यंत पोचत नाहीत, पण वरच्या पेशी भाजल्या की त्या खाली निरोप धाडतात आणि खालची चरबी तयार होणं कमी होतं. म्हणजे तुमच्या वडिलांच्या मानेवर दोन्ही बाजूंनी मार.

गुऱ्हाळवाला
मग टोपी घाला म्हणावं दाजींना. चरबी परत आणण्यापेक्षा स्वस्त.

तालीमकट्टा
+१. आणि दंड-बैठका.

रंकाळाकाठी
सगळे प्रतिसाद ह्यांना वाचून दाखवले. टीजीएफ-बीटापर्यंत जांभया देत होते. दंडाचं ऐकल्यावर मात्र आरशासमोर गेले, बाही वर केली आणि बराच वेळ आतली बाजू निरखत उभे राहिले. मग म्हणाले, "पुढच्या लग्नात हात वर करूनच फिरतो."