एडीएचडीची गोळी आणि हृदय : सुरू करावी का?

कराडची आई :
मुलगा ८ वर्षांचा, तिसरीत आहे. गेल्या महिन्यात एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा या त्रासाचं निदान झालं. डॉक्टरांनी मिथाइलफेनिडेट ५ मिलिग्रॅम लिहून दिलंय, पण आठ दिवस झाले, गोळ्यांची पट्टी फ्रिजवरच्या डब्यात तशीच आहे. माझे धाकटे दीर चौतिसाव्या वर्षी एसटी पकडायला धावताना कोसळले आणि गेले. सगळे अटॅक म्हणाले, पोस्टमॉर्टेम झालं नाही. डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात कुणाला हृदयविकार आहे का? सासूबाई शेजारी बसल्या होत्या. त्यांच्यासमोर तो विषय आम्ही काढतच नाही. मी म्हटलं, आजोबांना होता, साठीनंतर. तेव्हापासून झोप नाही. वर्गात बाई रोज त्याला दाराशी उभं करतात, तेही बघवत नाही.

कोल्हापूर, बालरोगतज्ज्ञ :
ताई, पट्टी बाजूला ठेवलीत ते योग्य केलंत. आता दिरांची गोष्ट डॉक्टरांना सांगा, उद्याच. फोनवर सांगितलीत तरी चालेल.

या गोळीने नाडी आणि रक्तदाब वाढतो, पण बहुतेक मुलांत अगदी थोडा. नाडी मिनिटाला काही ठोक्यांनी, रक्तदाब दोन-चार अंकांनी. अमेरिकेत २०११ साली १२ लाख मुलं आणि तरुणांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ही औषधं घेणाऱ्यांत अचानक मृत्यू, हार्ट अटॅक, पक्षाघात यांचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. म्हणून निरोगी मुलाचा ईसीजी सरसकट काढत नाहीत.

तुमच्या घरात मात्र तरुणपणी अचानक मृत्यू झालाय, आणि तोही धावताना. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार किंवा ठोक्यांची लय बिघडवणारे काही आजार घराण्यात उतरतात. त्यामुळे आधी ईसीजी, २डी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि बालहृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला, मग गोळीचं ठरवा. मुलाच्या बाबांचीही तपासणी करून घ्या, ते दिरांचे सख्खे भाऊ आहेत. खेळताना मुलगा कधी चक्कर येऊन पडलाय का, छातीत धडधडतं म्हणतो का, हेही सांगा.

पुण्याची आई :
माझी लेक दोन वर्षं हीच गोळी घेते. सुरुवातीला भूक मेली होती, म्हणून नाश्ता आधी आणि गोळी नंतर. डोस बदलला की आणि एरवी दर सहा महिन्यांनी वजन, उंची, नाडी, बीपी बघतात. एकदा बीपी मोजताना दंडाला मोठ्यांचा पट्टा लावला होता, आकडा चुकीचा आला. लहान पट्टा मागून घ्या. आणि शाळेतल्या बाईंना भेटा, मुलाला दाराशी उभं करणं थांबायलाच हवं. त्यासाठी गोळीची वाट बघू नका.

कराडची आई :
आज डॉक्टरांशी बोलले. ते रागावले नाहीत, उलट म्हणाले, बरं झालं सांगितलंत. गुरुवारी साताऱ्याला मुलाची आणि ह्यांची, दोघांचीही तपासणी आहे. काल रात्री सासूबाईंना सांगावंच लागलं. बराच वेळ त्या गप्प बसल्या. मग म्हणाल्या, धाकटा शाळेत असताना एकदा कबड्डीच्या मैदानावर बेशुद्ध पडला होता, उन्हाने झालं असं सगळे म्हणाले. हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. कागदावर लिहून घेतलंय, गुरुवारी सोबत नेते.