विषय: पुतणीचं एमबीबीएस – नंदुरबार घ्यावं की परत नीट द्यावी?

नमस्कार मंडळी,

माझ्या धाकट्या दिरांची मुलगी शहाद्याला असते. तिने यंदा नीट (वैद्यकीय प्रवेश परीक्षा) दिली. मार्क चांगले आहेत, पण मुंबई-पुण्याचं सरकारी कॉलेज मिळेल एवढे नाहीत. धुळे, जळगाव, नंदुरबार यांपैकी कुठेतरी नंबर लागेल असं दिसतंय. घरात दोन तट पडलेत. दीर म्हणतात, एक वर्ष ड्रॉप घे, नंदुरबारला काय शिकणार? जाऊबाईंना लेक जवळ हवी. पोरगी काहीच बोलत नाही. पुढेमागे तिला इकडे इंग्लंडला यायचं झालं तर तिथली डिग्री चालते का? मंडळातल्या डॉक्टरांनी कृपया सांगावं.

– शहाद्याची सून, लेस्टर

---

ताई, नमस्कार.

मी शिरपूरला परत आलो तरी मंडळाच्या यादीत नाव ठेवलंय, म्हणून तुमचा मेल मिळाला. ड्रॉप घेऊ देऊ नका. नीट म्हणजे एका दिवसाचा एक पेपर. १८० प्रश्न, ७२० मार्क, आणि चुकलेल्या प्रत्येक उत्तराला एक मार्क वजा. पुढच्या वर्षी पेपर कसा निघेल, कटऑफ कुठे जाईल, हे कोणाच्याच हातात नसतं. सरकारी जागा मिळत असताना ती सोडून पोरीला पुन्हा त्याच घाण्याला जुंपू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता 'नंदुरबारला काय शिकणार' याबद्दल. गेल्या पावसाळ्यात आमच्या रुग्णालयात पहाटे तिशीतला एक गडी आला. रात्री शेतातल्या झोपडीत खालीच झोपलेला. पोट दुखतंय, एवढीच तक्रार. कुठे दंशाची खूण नाही, सूज नाही. घरचे म्हणाले, काहीतरी बाधलं असेल. ड्युटीवर बॉण्डची, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं वर्ष करणारी डॉक्टर होती, धुळ्याला शिकलेली. तिनं त्याला वर बघायला सांगितलं, तर पापण्या उचलेनात. बोलणंही जड झालेलं. 'मण्यार,' ती म्हणाली आणि लगेच सर्पदंशावरचं प्रतिविष सुरू केलं. श्वास उथळ झाला तेव्हा नळी घातली आणि १०८ मधून धुळ्यापर्यंत हाताने श्वास देणारी अंबू बॅग दाबत स्वतः गेली. माणूस वाचला. हे तिला कोणी फळ्यावर शिकवलेलं नव्हतं. दर पावसाळ्यात धुळ्याच्या वॉर्डात तिनं असे रुग्ण पाहिले होते. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झालेले शेतकरी, सातपुड्यातून उशिरा पोचलेल्या बाळंतिणी हेही सगळं तिथंच. नंदुरबारला तर सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार रोज दिसतो. भिल्ल, पावरा घरांतली मुलं हातपाय ठणकतात म्हणून येतात आणि संधिवाताच्या गोळ्या खाऊन परत जातात. एखाद्या हुशार विद्यार्थिनीनं वेळेत रक्त तपासायला पाठवलं तर त्या मुलाचं पुढचं सगळं आयुष्य बदलतं. आणि आजीबाईला अहिराणीत 'काय व्हयनं माय?' म्हणून विचारणारी डॉक्टर भेटली की तिची निम्मी भीती तिथंच जाते. शहाद्याच्या पोरीला हे शिकवावं लागणार नाही.

उणीवही सांगतो. जळगावचं कॉलेज २०१८ चं, नंदुरबारचं २०२० चं. नवीन कॉलेजात शिक्षक कमी पडतात, काही सुपरस्पेशालिटी नसतात. धुळं जुनं आहे, तिथली घडी बसलेली आहे. म्हणून माझा क्रम धुळे, जळगाव, नंदुरबार. पण फॉर्म भरताना तिनं स्वतःच्या मनातलाच क्रम लावावा, कटऑफचे अंदाज बांधत बसू नये. वरचं मिळालं नाही तरच खालचं मिळतं. राज्याच्या ८५ टक्के जागा सीईटी सेल (राज्याची प्रवेश यंत्रणा) भरतो, १५ टक्के अखिल भारतीय कोट्यातून जातात. दोन्हीकडे नोंदणी करा.

पहिलं वर्ष अंगावर येतं, हे तिला आधीच सांगा. शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन. बारावीपर्यंत वर्गात पहिली येणारी मुलं पहिल्या चाचणीत नापास होतात आणि घरी सांगत नाहीत. शवविच्छेदनाच्या हॉलमधला फॉर्मेलिनचा वास आठवडाभर नाकातून जात नाही. जेवण जात नाही. मग सवय होते. त्या काळात घर एसटीच्या अंतरावर असणं ही फार मोठी गोष्ट आहे. जाऊबाईंचं म्हणणं मला पटतं. साडेचार वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप, आणि सरकारी कॉलेज असल्यामुळे पुढे एक वर्ष बॉण्ड. दिरांना आत्ताच माहीत असू द्या, पण ते वर्ष टाळायचा विचार करू नका. वरची डॉक्टर त्याच वर्षात घडली.

आणि कागद! राखीव प्रवर्गातून भरणार असाल तर जात पडताळणी आणि नॉन-क्रीमीलेयर आजच बघा. कागदासाठी जागा गेलेली मुलं मी पाहिली आहेत.

– डॉक्टर, शिरपूर

---

वरच्या डॉक्टरसाहेबांशी पूर्ण सहमत. इकडच्यापुरतं सांगते. डिग्री चालते. भारताच्या एनएमसीला (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला) २०२३ मध्ये डब्ल्यूएफएमई या वैद्यकीय शिक्षणाच्या जागतिक संघटनेची १० वर्षांची मान्यता मिळाली आहे, त्यामुळे नंदुरबार आणि मुंबई असा फरक कोणी करत नाही. प्लॅब, म्हणजे बाहेरून येणाऱ्या डॉक्टरांची इथली परीक्षा, तिचे दोन्ही भाग सगळ्यांना सारखेच. मात्र परीक्षा पास झाली की नोकरी ठरलेली, असं आता राहिलेलं नाही. इथल्या जागांसाठी फार चुरस आहे. म्हणून आज इंग्लंड डोक्यात ठेवून कॉलेज निवडू नका. पोरीला काय हवंय, ते तिला एकटीला फोन करून विचारा ना, ताई.

– नॉटिंगहॅम

---

दोघांचेही मनापासून आभार. काल तिला एकटीला फोन केला. तासभर बोलली. तिला ड्रॉप घ्यायचाच नव्हता, बाबांना सांगायची हिंमत होत नव्हती. पहिली पसंती धुळे टाकणार आहे. डॉक्टरसाहेब, ओबीसीची पडताळणी अजून झालेली नाही. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर आडनाव वेगळं लागलंय. असं असताना काय जोडावं लागतं?

– लेस्टर

---

आजोबांचं खरं आडनाव दाखवणारा जुना महसुली कागद, सख्ख्या काकांची किंवा चुलत भावंडांची जात वैधता (पडताळणीचं प्रमाणपत्र) असेल तर तिची प्रत, आणि दोन्ही आडनावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र. अर्जाची पावती जपून ठेवा. दिरांना माझा नंबर द्या, फाईल घेऊन रविवारी या म्हणावं. मी घरीच आहे.

– शिरपूर