गरोदरपणातली जांघेची कळ आणि धरलेला खुबा: तुमचे अनुभव लिहा

म्हापसा

सातवा महिना चालू आहे, दुसरी खेप. पहिल्या वेळी उलट्यांनी हैराण केलं होतं. या वेळी पुढच्या हाडात, अगदी जांघेच्या मधोमध कळ आणि उजवा खुबा धरलेला. रात्री कूस बदलताना आतून 'कट्' वाजतं. डॉक्टरांनी कागदावर 'पेल्विक गर्डल पेन', म्हणजे कमरेच्या कड्याचं दुखणं, असं लिहून दिलंय. ओळखीतल्या बायकांना विचारावं तर एकच उत्तर: 'आम्हालाही होतं गे, बाळंत झालीस की जातं.' जाईल तेव्हा जाईल, तोवर दिवस कसे काढायचे? जिने, स्कूटर, झोप, प्रसूती, नंतरचे महिने, जे आठवेल ते लिहा. 'सहन कर' एवढं सोडून काहीही चालेल.

डिचोली, शिक्षिका

माझं गणपतीच्या चवथीला सुरू झालं. आमच्याकडे नेवऱ्या, म्हणजे करंज्या, घरीच होतात. सगळ्या जावा खाली मांडी घालून, मध्ये परात. बराच वेळ बसले आणि उठायला गेले तर पायच उचलेना. मोठ्या जाऊबाईंनी काखेत हात घालून उभं केलं, तेही दोन दमात.

फिजिओथेरपिस्टने व्यायाम दाखवायच्या आधी माझा अख्खा दिवस विचारून घेतला. झोपेतून कशी उठता, परकर कसा घालता, फळ्यावर लिहिताना भार कुठल्या पायावर असतो. परकराचं ऐकून मी हसलेच. पण उभ्याने एक पाय उचलून तो घालतानाच रोज सकाळी पहिली कळ यायची, हे तोवर लक्षातच आलं नव्हतं. मग परकर, सलवार, चप्पल, सगळं खाटेवर बसून. कूस बदलताना दोन्ही गुडघे एकमेकांना चिकटवायचे, मधली उशी तशीच धरायची आणि खांदे-कंबर एकदम वळवायचे. उठताना आधी कुशीवर, पाय खाली सोडायचे, मग हाताने रेटा देऊन बसायचं. व्यायामांआधी मला या गोष्टींनीच आराम पडला.

मांडी मात्र बंद. पुढच्या नेवऱ्या मी टेबलावर भरल्या, सासूबाई काही बोलल्या नाहीत.

चोडण

ऑफिस पणजीला, म्हणजे रोज फेरीबोट. ओहोटीला रायबंदरच्या धक्क्याचा चढ लांबतो, वर शेवाळ. बोट लागली की स्कूटरवाले सुटायच्या आत सगळे पळतात. मी सगळ्यात शेवटी उतरायचे, छोटी पावलं टाकत. मोठं पाऊल टाकलं की संपलंच.

स्कूटरवर मागे दोन्हीकडे पाय टाकून बसलं तर जांघ फाकते, एका बाजूला बसलं तर कंबर पिळते. दोन्ही करून पाहिलं, दोन्ही सोडलं. कारमध्ये आधी पाठमोरं बसायचं, मग दोन्ही गुडघे एकत्र आत घ्यायचे. सीटवर प्लॅस्टिकची पिशवी अंथरली की सहज फिरता येतं. गाडी सुटायच्या आधी ती काढा, नाहीतर ब्रेक लागला की घसराल.

जिन्याला चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, आणि प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकायचे. वेळ लागतो. मागून कुणी उसासा टाकला तर टाकू द्या.

फोंडा, फिजिओथेरपिस्ट

वरच्या दोघींनी माझं अर्धं काम केलंय. साधारण पाचातल्या एका गरोदर बाईला हा त्रास होतो. कमरेच्या कड्याला पुढे एक सांधा आणि मागे दोन. गरोदरपणात त्यांचे बंध सैल होतात. पण फक्त हार्मोनवर खापर फोडू नका. सैल सगळ्यांचेच होतात, दुखतं काहींनाच. भार दोन्ही बाजूंना सारखा पडत नाही, स्नायू तो पेलू शकत नाहीत, आधीची कंबरदुखी असते, यांचाही वाटा असतो. म्हणून नुसती विश्रांती हा इलाज नाही आणि 'भरपूर चाल' हाही नाही. दुखायच्या आत थांबायचं.

आधाराचा पट्टा पोटावर नको, खाली खुब्यांच्या पातळीवर बांधा. बसून गुडघ्यांमध्ये उशी धरून हलकेच दाबणं बऱ्याच जणींना मानवतं. पण आधी एकदा तपासून घ्या.

फार्मसीतून मनानेच गोळी आणू नका. पॅरासिटामॉलसुद्धा डॉक्टरांना विचारून. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक तर विशेषतः विसाव्या आठवड्यानंतर टाळायला सांगतात. आणि रक्तस्राव, ताप, लघवीला जळजळ, ३७ आठवड्यांच्या आत पोट ठरावीक वेळाने कडक होणं, एकाच पोटरीला सूज, जांघेत बधिरपणा किंवा लघवीवरचा ताबा जाणं, यातलं काहीही असेल तर उशा लावत बसू नका, लगेच इस्पितळात.

मडगाव

माझं वेगळं निघालं, म्हणून मुद्दाम लिहिते. शेवटच्या तिमाहीत फक्त डाव्या जांघेत दुखायचं. कूस बदलताना फारसं नाही, पाय टेकला की मात्र जीव जायचा. जिथे दाखवलं तिथे 'सगळ्यांनाच होतं' म्हणून परत पाठवलं. लंगडत लंगडत हाडांच्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी एमआरआय केला. खुब्याचं हाड तात्पुरतं ठिसूळ झालं होतं. हे क्वचित होतं आणि सहसा काही महिन्यांत आपोआप भरून येतं, पण त्या काळात भार दिला तर हाड मोडू शकतं. कुबड्या घेऊनच बाळंतपणाला गेले. आता ठणठणीत चालते. पायावर भारच देता येत नसेल तर 'अंग जड झालंय' यावर गप्प बसू नका.

साखळी

मला वाटायचं, आता सिझेरियनच. तसं नसतं. डॉक्टर म्हणाले, एवढ्यावरून ऑपरेशन कशाला. आठव्या महिन्यात गुडघे न दुखता एकमेकांपासून किती लांब जातात ते टेपने मोजलं आणि प्रसूतीत कुणी त्याहून जास्त फाकवू नयेत म्हणून आकडा फाईलवर पहिल्याच पानावर लिहून ठेवला. आत नर्स बदलत होत्या, दर वेळी नवऱ्याने फाईल पुढे केली. उताणं झोपवण्याऐवजी कुशीवर ठेवलं, वरचा पाय एका सिस्टरने धरला. तिचं नाव विचारायचं राहिलं, हात मात्र अजून आठवतो.

पेडणे

बाळंतपणानंतरचं कुणी सांगत नाही. बहुतेकींचं काही आठवड्यांत ओसरतं, माझं काही महिने रेंगाळलं. बाळाला न्हाऊ घालायला पाटावर पाय पसरून बसायचं, बाळ नडग्यांवर. मला ते शक्यच नव्हतं. आईने न्हाऊ घातलं, मी शेजारी खुर्चीवर टॉवेल घेऊन. मालीशवाली मावशी मायाळू, पण तिचा हट्ट पाय फाकवून खुबा 'मोकळा' करण्याचा. फिजिओने साफ मना केलं होतं. मावशीला म्हटलं, पाठ आणि पोटऱ्या चोळा, खुब्याला हात नको. दोन दिवस रुसली, मग रुळली. मूल एका कमरेवर घेऊन फिरायचं टाळा, हे नंतर सर्वात जास्त नडतं.

वास्को

जुन्या घरात खाली बसायचा संडास असेल तर कमोडची खुर्ची आणा. लाज नको.

म्हापसा

डिचोलीच्या बाई, उशी लावून वळायची युक्ती काल रात्री केली. 'कट्' वाजलं, पण कळ निम्मी. पट्टा मागवलाय. पावसात तो वाळतो का?

पर्वरी

नाही वाळत. दोन घ्या.