मदत हवी आहे: 'वो शिन छांग दान' नेमकं कुठे वापरायचं?

नमस्कार मंडळी, चिनी भाषा जाणणाऱ्यांना एक शंका विचारायची आहे.

'वो शिन छांग दान' ही चिनी म्हण, शब्दशः म्हणजे सरपणावर झोपणं आणि पित्त चाखणं. गोष्ट ठाऊक आहे: इ.स.पू. ४९४ मध्ये वू राज्याच्या फूचायने युएचा राजा गोउजियान याला हरवलं आणि चाकरीला ठेवलं. सुटून परत आल्यावर गोउजियानने पित्ताशय टांगून ठेवलं. जेवताना ते चाखायचा, म्हणजे अपमान विसरायला नको. इ.स.पू. ४७३ मध्ये त्याने वू राज्य बुडवलंच. (सरपण मागाहून जोडलं गेलं, स्स-मा छियानच्या इतिहासात फक्त पित्त आहे.) आपल्याकडची चाणक्याची मोकळी शेंडी आठवते ना, तीच जात.

आता अडचण. मला निबंधात एका बाईंबद्दल लिहायचंय. नवरा गेल्यावर त्यांनी धुणीभांडी करून मुलं शिकवली. तिथे हे चालेल का? मला खटकतंय, कारण गोउजियानने परतल्यावरचे हाल स्वतःहून ओढवून घेतले होते आणि समोर शत्रू होता. या बाईंपुढे पर्यायच नव्हता. त्यांच्यासाठी 'छ्र खू नाय लाओ', म्हणजे कष्ट सोसणारी, चिवट, हे बरं वाटतं. पण ते नोकरीच्या जाहिरातीतही असतं, म्हणून फार कोरडं वाटतं.

आणखी एक: परीक्षेत नापास होऊन पुन्हा जिद्दीने बसणाऱ्याला पहिली म्हण लावतात का, की ती फार भारदस्त होते? कुणी रोजच्या बोलण्यातलं एखादं वाक्य दिलं तर फार बरं होईल. निबंध सोमवारी द्यायचाय.