खाऱ्या पाण्याच्या नव्या टाकीत सायकल पूर्ण होण्याआधी मासे सोडावेत का?

सागरगोटा

गेल्या महिन्यात एका परिचितांच्या घरी खाऱ्या पाण्याची २०० लिटरची नवी टाकी पाहिली. पाणी भरून चारच दिवस झाले होते आणि तळाशी एक निळा डॅमसेल मासा कल्ले भराभर हलवत पडून होता. 'टाकी सुरू होण्यासाठी आधी एक काटक मासा सोडा', असे त्यांना दुकानात सांगण्यात आले होते. अमोनियाची टेस्ट केली तेव्हा जे पाणी नळीत पिवळे राहायला हवे ते गर्द हिरवे झाले. मासा दुसऱ्या दिवशी गेला. मासा घालून सायकल करण्याची, म्हणजे अमोनिया पचवणाऱ्या जिवाणूंची वस्ती टाकीत वाढवण्याची, ही पद्धत आपण सर्वांनी सोडून द्यावी, असे माझे ठाम मत आहे.

माशाच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. जिवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइट करतो आणि दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट करतो. हे जिवाणू दगडांवर, वाळूत आणि फिल्टरमध्ये वस्ती करतात, पण ती वस्ती पुरेशी वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. गोड्या पाण्याचा पीएच ७ च्या आसपास असेल, तर बहुतेक अमोनिया कमी घातक अशा अमोनियमच्या रूपात राहतो. समुद्री टाकीत मात्र पीएच ८.१ ते ८.३ ठेवावा लागतो आणि तेवढ्याच अमोनियातला विषारी वाटा दहापटीहून अधिक होतो. गोड्या पाण्यात निभावून गेलेली घाई इथे माशाच्या जिवावर बेतते ती यामुळेच.

त्याऐवजी नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, वापरावा. १०० लिटरला सुमारे ०.६३ ग्रॅम घातला की अमोनिया २ पीपीएम (दशलक्ष भागांत दोन भाग) होतो. कल्हईसाठी मिळणारा नवसागर मात्र घेऊ नये, त्यात धातूंचे अंश असू शकतात. प्रयोगशाळेसाठीचा शुद्धच आणावा. २ पीपीएम अमोनिया २४ तासांत शून्यावर येऊ लागला की मासे आणावेत, त्याआधी नाही.

खाजणवाट

डॅमसेलबद्दल मी पूर्ण सहमत आहे. तो मासा जगला तरी पुढे टाकीचा मालक होऊन बसतो आणि नंतर आलेल्या प्रत्येक माशाला पिटाळतो. परंतु त्यावरून 'सायकल पूर्ण होईपर्यंत एकही मासा नको' हा निष्कर्ष निघत नाही.

२०० लिटरच्या टाकीत संवर्धनकेंद्रात वाढलेली क्लाउनफिशची लहान जोडी, पहिल्या दिवसापासून बाटलीतले नायट्रिफायिंग जिवाणू, दिवसाआड चिमूटभर खाद्य आणि रोज अमोनियाची टेस्ट, अशी सुरुवात मी दोनदा केली आहे. दोन्ही वेळा अमोनिया ०.२५ पीपीएमच्या वर गेला नाही. तिथवर पोहोचला त्या दिवशी मी एक चतुर्थांश पाणी बदलले. माशांची ती जोडी टाकीत जेवढा अमोनिया सोडते, त्याच्या कित्येक पट तुम्ही एका दिवसात ओतता आणि तेवढा पचवण्याची क्षमता येईपर्यंत थांबा म्हणता. ज्या टाकीत पहिले दोन महिने दोनच मासे राहणार आहेत, तिला इतक्या मोठ्या वस्तीची गरज नाही. दीड महिना रिकामी टाकी पाहून कंटाळलेला माणूस सायकल संपताच एका दिवशी सहा मासे आणतो, हेही मी पाहिले आहे, आणि त्यातून होणारे नुकसान कमी नसते.

मचवा

परदेशातले वेळापत्रक इथे जसेच्या तसे लागू होत नाही, हा मुद्दा दोघांच्याही बोलण्यातून सुटला आहे. तिकडे जिवाणूंनी भरलेला समुद्रातला लाइव्ह रॉक विकत मिळतो आणि सायकल लवकर उरकते. आपल्याकडे दगडी प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. प्रवाळाचा तुकडा किनाऱ्यावरून उचलून आणणे हा गुन्हा आहे. त्यामुळे आपण कोरडा किंवा सिरॅमिकचा दगड वापरतो, आणि त्यावर सुरुवातीला एकही जिवाणू नसतो.

यावर उपाय विरजणाचा आहे. ज्यांची टाकी निरोगी आणि वर्षभर जुनी आहे, त्यांच्याकडून फिल्टरमधल्या सिरॅमिकच्या चार रिंगा मागून घ्या आणि टाकीच्याच पाण्यात बुडवून आणा. नळाच्या पाण्याखाली त्या धुऊ नका, क्लोरीनने विरजणच मरेल. त्या टाकीत पांढऱ्या ठिपक्यांचा रोग होऊन गेला आहे का, हेही आधी विचारा.

शिंपला

एक दुरुस्ती. मासे सोडण्यासाठी नायट्राइटही शून्य होईपर्यंत थांबावे, असे बरेच जण सांगतात; तो नियम गोड्या पाण्यातून आला आहे. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड इतके विपुल असते की कल्ल्यांवाटे नायट्राइटचा शिरकाव फारच थोडा होतो. शिवाय नायट्राइट शिल्लक असताना नायट्रेटचा आकडा फुगून दिसतो, कारण नायट्रेटचे टेस्ट किट नायट्रेटचे नायट्राइट करूनच मोजमाप करते. तो आकडा पाहून घाबरून पाणी बदलत बसू नये.

सागरगोटा

नायट्राइटचा मुद्दा मला मान्य आहे. म्हणूनच वर मी अट फक्त अमोनियाची घातली आहे.

खाजणवाट, तुमची पद्धत यशस्वी झाली, कारण तुम्ही रोज टेस्ट केली आणि तुमची बाटली जिवंत होती. नायट्रिफायिंग जिवाणू बीजाणू, म्हणजे प्रतिकूल काळात तग धरणारे रूप, तयार करत नाहीत. मे महिन्यात तीन दिवस कुरियरच्या गाडीत तापलेल्या बाटलीत त्यांतले किती उरले, हे लेबलावरून कळत नाही. ते कळण्याचा एकच मार्ग आहे: रिकाम्या टाकीत बाटली ओतायची, थोडा अमोनिया घालायचा आणि तो उतरतो का ते पाहायचे. बाटली मेलेली निघाली तर माझे चार दिवस जातात, तुमची जोडी जाते. ज्याच्याकडे टेस्ट किटसुद्धा नाही, अशा नवख्याला तुमची पद्धत सांगायची कशी?

खाजणवाट

किट नसेल, तर त्याने टाकीच घेऊ नये. यात आपल्यात मतभेद नाही. बाटली आधी अमोनियावर तपासून घेण्याची तुमची सूचनाही मी स्वीकारतो. कुरियरने आलेल्या बाटलीबद्दल मी आजवर तसा विचार केला नव्हता. परंतु २ पीपीएमचा आग्रह मला अजूनही पटत नाही. पुढच्या टाकीत मी १ पीपीएम अमोनिया घालेन, तो २४ तासांत शून्यावर आला की त्याच दिवशी क्लाउनफिशची जोडी सोडेन आणि तिसरा मासा त्यानंतर महिनाभराने आणेन. या क्रमात माशांना नेमका कोठे त्रास होईल, ते कृपया दाखवावे.