तीन पेशंटचे टाके एकसारखे चिघळले, तर दुर्बिणीची ऑपरेशनं थांबवावीत का?

ओटी सिस्टर, लातूर जिल्हा

एकोणीस वर्षं ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये काढलीत. दवाखान्याचं नाव लिहिणार नाही, पण घडलं ते लिहिते.

पित्ताशयाच्या खड्यांसाठी दुर्बिणीचं ऑपरेशन झालेल्या पाच बायका महिना-सव्वा महिन्याने परत आल्या. बेंबीजवळचा टाका आधी छान मिटला होता. मग तिथे हरभऱ्याएवढी गाठ आली आणि पुढे त्यातून पातळ पाणी यायला लागलं. ताप नाही, दुखणंही फारसं नाही. कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीला पाठवलं तर रिपोर्ट आला 'वाढ नाही'. दोन-दोन अँटिबायोटिक देऊन झाली. एकीला बाहेर कुणी तरी टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. ती ड्रेसिंगला आली की पदराखालचा ओला गॉज माझ्या हातात द्यायची आणि विचारायची, "सिस्टर, माझंच अंग वाईट आहे का ओ?"

त्या रात्री ओटी रजिस्टर घेऊन बसले. पाचही जणींचे वार वेगळे, सर्जन दोन. पण त्या दिवसाची पहिली केस त्यांच्यात एकही नव्हती. आमच्याकडे पहिल्या केसला रात्री ऑटोक्लेव्ह केलेला, म्हणजे दाबाच्या वाफेत निर्जंतुक केलेला सेट जातो. पुढच्या केसला तोच सेट धुवायचा, ग्लुटाराल्डिहाइड या जंतुनाशक द्रावणात बुडवायचा आणि उकळून ड्रममध्ये गार केलेल्या पाण्यात खंगाळायचा. दुसऱ्या दिवशी मी ट्रोकारचा, म्हणजे दुर्बीण पोटात घालायच्या नळीचा व्हॉल्व्ह खोलला. रबरी वॉशरच्या मागे तपकिरी थर बसला होता, नखाने खरवडला तरी निघेना.

माझं म्हणणं असं: तीन पेशंट एकाच तऱ्हेने परत आले की त्याच दिवशी दुर्बिणीच्या ऑपरेशनांची यादी थांबवा आणि त्या काळात ऑपरेशन झालेल्या सगळ्यांना फोन करा. आमच्याकडे फॉर्मलिनची धुरी दिली, भिंतीचे आणि टेबलाचे स्वॅब घेतले. ते निगेटिव्ह आले आणि सोमवारी यादी सुरू. सहावी पेशंट त्या सोमवारनंतरची आहे.

सर्जन, छोटा दवाखाना, बीड

सिस्टर, तुमची तळमळ पोहोचली, पण निष्कर्ष मला पटत नाही. दिवसाला चार-पाच केसेस असतील तर पहिली एकच असते. मग आजारी पडलेल्या पाचही जणी नंतरच्या निघाल्या, यात नवल काय? ट्रोकारवर जंतू सापडला का? नाही. मग यादी कशाच्या जोरावर थांबवायची?

थांबवण्याचीही किंमत असते. नळीत खडा अडकलेली, कावीळ झालेली बाई सोलापूरला नाही तर हैदराबादला जाईल. वाटेत तिचं काही झालं तर ते कुणाच्या हिशोबात धरायचं? माझ्याकडे सेट एकच आहे, दुसऱ्याला काही लाख लागतात.

आणि फोन करून "तुम्हाला आमच्याकडून जंतू लागला असेल" म्हणालो, तर संध्याकाळी काचा फुटतील. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध २०१० पासून राज्यात कायदा आहे. पण गर्दी आत शिरते तेव्हा तो कागद हातात धरून उभं राहता येत नाही. माझ्यावर ती वेळ आली आहे.

ओटी सिस्टर, लातूर जिल्हा

सर, तुमची शंका रास्त आहे, म्हणून आज परत मोजलं. आमच्याकडे दिवसाला चार-पाच केसेस नसतात, बहुतेक वेळा एक किंवा दोन. त्या तीन महिन्यांत ३१ दिवस दुर्बिणीची यादी होती आणि ऑपरेशनं झाली ५८. म्हणजे ३१ पहिल्या आणि २७ नंतरच्या. सहाही आजारी त्या २७ मधल्या.

मायक्रोबायोलॉजिस्ट, छत्रपती संभाजीनगर

नुसत्या योगायोगाने सहाही नंतरच्याच निघण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी येते. साथीचा माग असाच काढतात. आजारी कोण आणि त्याच काळात त्याच ओटीत जाऊन बरे कोण, हे दोन्ही मोजायचं. सर्जनसाहेब, जंतू हातात येईपर्यंत थांबायचं ठरवलं तर इथे फार उशीर होईल.

महिन्याने उमटणारी गाठ, पातळ स्राव, साधं कल्चर कोरं. हे चित्र टीबीच्या भाऊबंद जंतूंचं आहे, म्हणजे अ‍ॅटिपिकल मायकोबॅक्टेरिया. ते पाण्यात राहतात. साधं कल्चर दोन दिवसांत फेकून देतात, यांना दिसायला आठवडाही लागू शकतो. त्यामुळे स्वॅब नको, गाठीचा तुकडा पाठवा आणि लॅबला आधी फोन करून सांगा. टीबीचे जंतू ओळखायच्या रंगाने हेही रंगतात, म्हणून टीबीच्या गोळ्या सुरू होतात. त्या गोळ्यांचा यांच्यावर सहसा उपयोग होत नाही. क्लॅरिथ्रोमायसिन, अमिकॅसिन अशी औषधं काही महिने चालतात, कधी तो भाग कापून काढावा लागतो.

रिओ दी जानेरोत २००६-०७ मध्ये अशीच साथ आली होती. साठाहून जास्त रुग्णालयं आणि हजाराच्या वर संशयित रुग्ण, बहुतेक दुर्बिणीच्या ऑपरेशननंतरचे. तिथला जंतू २ टक्के ग्लुटाराल्डिहाइडला दाद देत नव्हता. भिंतीला धुरी देऊन ट्रोकारच्या आतला थर निघत नाही.

सीएसएसडी (सामान निर्जंतुक करायचा विभाग) टेक्निशियन, नांदेड

द्रावणाला सगळे दोष देतात, घड्याळाकडं कोणी बघत नाही. निर्जंतुक करायला त्यात दहा तास ठेवावं लागतं. वीस मिनिटांत फक्त वरच्या पातळीचं डिसइन्फेक्शन होतं, म्हणजे बहुतेक जंतू मरतात, सगळे नाहीत, तेही आधी सामान खोलून, ब्रशने घासून कोरडं केलं असेल तर. ओटीत खरं काय होतं? पुढचा पेशंट टेबलावर, भूल दिलेली आणि आतून आवाज येतो, "आण लवकर." मी सातव्या मिनिटाला ट्रे उचललेला आहे. ओलं सामान बुडवून बुडवून द्रावण पातळ होतं ते वेगळंच. त्याची ताकद बघायची पट्टी मिळते, मी तीन दवाखान्यांत काम केलं, एकाच ठिकाणी बघितली.

पाण्याचंही बोला. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. आजही उन्हाळ्यात दवाखाने टँकरवर चालतात. कोणत्या दिवशी कोणत्या टँकरच्या पाण्यात सेट खंगाळला, हे कोणी लिहून ठेवतं का?

पेशंटचा मुलगा, परभणी

सर्जन सर, राग मानू नका. माझ्या आईचा टाका पाच महिने वाहत होता, दुसऱ्या गावच्या दवाखान्यात. दर खेपेला आम्हाला विचारलं, साखर आहे का, जखम ओली केली का, तिकडं शेतात गेल्या का. आई आंघोळ करायला घाबरायची. तिला वाटायचं आपल्याच हातून काहीतरी चुकलं. एकानं जरी सांगितलं असतं की आमच्या सामानातून झालं असेल, औषध आम्ही देतो, तर मी काय काच फोडली असती? लपवलेलं बाहेरून कळलं तेव्हा मात्र डोकं फिरलं.

सर्जन, छोटा दवाखाना, बीड

राग कशाचा. आईंचं वाचून वाईट वाटलं. साखरेचा प्रश्न मीही विचारलेला आहे.

आकड्यांपुढे माझं पहिलं म्हणणं मागे घेतो. पण पूर्ण बंदीला माझा अजूनही विरोध आहे. कारण सापडेपर्यंत दिवसाला दुर्बिणीची एकच केस करावी, ऑटोक्लेव्ह केलेल्या सेटवर. बाकी तातडीच्या केसेस पोट उघडून. माझ्या दवाखान्यात उद्यापासून हेच करतो. फोनबद्दल मात्र मन होत नाही. ज्यांना काहीच झालेलं नाही, त्यांची झोप का उडवायची?

मायक्रोबायोलॉजिस्ट, छत्रपती संभाजीनगर

कारण गाठ कधीकधी दोन-तीन महिन्यांनीही येते आणि तेव्हा ती बाई भलत्याच डॉक्टरकडे गेलेली असते. २०१५ मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलए रुग्णालयात पित्तनलिकेच्या दुर्बिणीतून सात जणांना औषधांना न जुमानणारा जंतू लागला, दोघे गेले. कंपनीने सांगितल्याप्रमाणे सफाई करूनही हे झालं. रुग्णालयाने त्या दुर्बिणी बाजूला काढल्या आणि संपर्कात आलेल्या १७९ जणांना कळवलं. ते १७९ जण सापडले, कारण कोणती दुर्बीण कुणाला वापरली याची नोंद होती.

ओटी सिस्टर, लातूर जिल्हा

सर, दिवसाला एक केस मला चालेल. 'बंद' म्हणताना कावीळवाल्या पेशंटचा विचार माझ्याकडून राहिला होता. फोनचं मात्र मी सोडणार नाही. बावन्न जणी राहिल्यात, त्यांचे नंबर रजिस्टरमध्ये आहेत. व्यवस्थापनाला आज लेखी दिलं.

रजिस्टरला पट्टीने तीन रकाने वाढवलेत: सेट नंबर, आधी कसा निर्जंतुक केला, द्रावणात किती वाजता घातला आणि काढला. ट्रोकारला रंगीत टेप लावली, लाल आणि निळी. ऑटोक्लेव्हमध्ये ती टिकेल का, नांदेडच्या दादांनी सांगावं.

टीबीच्या गोळ्यांवाली बाई गुरुवारी ड्रेसिंगला येतेय. गाठीचा तुकडा घ्यायला आमच्या सर्जननी होकार दिलाय. लॅबला फोन मीच करते.